मांडीवरचा डबा आणि चौथा गिअर

गाडीवर मागे एका बाजूला पाय सोडून बसायचं, मांडीवर पत्र्याचा मोठा डबा घ्यायचा, डावा हात डब्याभोवती आणि उजवा यांच्या खांद्यावर. बरीच वर्षं मी बाहेरचं जग असंच पाहत आले आहे, रस्त्याच्या डाव्या बाजूचं. उजवीकडे काय आहे ते मला परतीच्या वाटेवर कळतं.

डब्यात हातमुरुक्कू असतो. साच्यातून पाडलेली चकली नव्हे. तांदूळ भिजवून, उपसून फडक्यावर सावलीत पसरायचे आणि ओलसर असतानाच दळायचे. त्यात भाजलेल्या उडदाचं पीठ, लोणी, जिरं, हिंग. मग पिठाचा गोळा बोटांत धरून, पीळ घालत घालत फडक्यावर वेढे वळायचे. पीळ एकसारखा पडला पाहिजे आणि एक वेढा दुसऱ्याला नुसता टेकला पाहिजे. शाळा चौथीला सुटली तेव्हा दुपारी करण्यासारखं दुसरं काही नव्हतं, म्हणून शेजारच्या घरी बसून मी हे शिकले. शाळा तमिळ होती, आमच्या घरच्या मराठीची बाळबोध अक्षरं बाबांनी घरीच शिकवली होती. हे लिहिते आहे ते त्यांच्यामुळे.

आमच्या इकडे, तमिळ मुलखात, लग्नात मुलीकडची मंडळी ताटं भरून जिन्नस नेतात. त्यात या मुरुक्कूला मान. वेढे विषम हवेत, पाच, सात, नऊ. नऊ वेढ्यांचा मुरुक्कू लहान ताटाएवढा होतो. आणि तो अखंड हवा. मोडला तरी चव तीच असते, पण मोडका मुरुक्कू लग्नाच्या ताटात कुणी ठेवत नाही.

माझे यजमान पूर्वी पितळेची भांडी ठोकायच्या कामाला होते. ठोका कुठे पातळ पडला ते हे भांड्याच्या नादावरून सांगत. पुढे मांडी घालून बसणं गुडघ्यांना सोसेना, तेव्हा ते काम सोडलं आणि माझ्या मुरुक्कूची ने-आण अंगावर घेतली. ऑर्डर घेणं, लोकांशी बोलणं, पोचवणं हे सगळं यांचं. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. मी करते आणि धरून बसते, हे बोलतात आणि चालवतात, अशी आमची वाटणी ठरली ती तशीच चालत आली.

मुरुक्कू पहिल्यांदा मोडला तो सुंदरपेरुमाळ कोयिल या गावी. साखरपुड्याचं घर होतं. घरातल्या मोठ्या बाईंना सगळे मामी म्हणत, आम्हीही मामीच म्हणत होतो. त्यांनी ओसरीवर डबा उघडला. वरचे चांगले निघाले. खालचे मोठे मात्र मधोमध मोडलेले.

मामींनी एक तुकडा उचलून माझ्यासमोर धरला. "सात वेढ्यांचा सांगितला होता ग. सात तुकड्यांचा नव्हे."

"रस्ता फार खराब आहे, मामी," हे म्हणाले.

"रस्ता मी या घरात सून म्हणून आले तेव्हापासून खराब आहे. मुरुक्कू आज मोडला."

वर ठेवलेल्यांवर त्यांनी वेळ भागवली. पण निघताना म्हणाल्या, "लग्न तिरुविसनल्लूरला आहे, मुलाकडे. तिथे नऊ वेढ्यांचे लागतील. तिथेही असंच होणार असेल तर आत्ताच सांगा. मशीनचा मुरुक्कू काय, कुठेही मिळतो."

"अखंड आणून देतो," यांनी शब्द दिला.

घरी आल्यावर यांनी दारात गाडी लावली आणि म्हणाले, "लोणी जास्त पडलं असेल."

 त्याच पिठाचे चार मुरुक्कू घरी ठेवले होते. त्यातला एक घेऊन, यांना दिसेल असा, वीतभर उंचीवरून चटईवर सोडला. नुसता टणटणला. यांनी तो पाहिला, पाय धुतले आणि आत गेले.

त्यानंतरच्या दोन-तीन खेपांनाही तसंच झालं. दारासुरम् तर हाकेच्या अंतरावर, तिथेही मोडला. मोडायचा तोही एका ठरावीक रीतीने, सुरीने चिरल्यासारखा एका रेषेत. खड्ड्यात आपटून मोडलेला मुरुक्कू असा मोडत नाही, त्याचा कुठलाही टवका उडतो. हा मागेपुढे हिसका बसून मोडत होता. गाडी पुलावर चढताना असे हिसके देते, ते मला बसल्या जागी कळत होतं. आधी पायाखालचा दांडा थरथरायचा, मग चेन खडखडायची, मग डबा पोटावर येऊन आदळायचा.

हे गाडी घेऊन मेकॅनिककडे गेले. मीही मागे होते, डबा परत आणत होतो. मेकॅनिक यांना अण्णा म्हणतो, मला अक्का. त्याने चेन ताणली, एक फेरी मारून आला.

"अण्णा, गाडीत काही नाही. पोरीसारखी पळते."

"मग पुलावर धापा का टाकते? ओढतच नाही."

"टॉपला टाकून चढता का?"

"टॉपला टाकली की पेट्रोल वाचतं. सगळं गाव तसंच चालवतं."

"वेग आल्यावर टाकली तर वाचतं," मेकॅनिक हात पुसत म्हणाला. "गाडी बैलासारखी चालते आहे आणि तुम्ही चौथा टाकला, तर तुम्ही मूठ पिळत बसणार, पेट्रोल आत ओतलं जाणार, आणि इंजिन फिरणारच नाही. ते आतल्या आत ठोके खाणार. त्याला तिसरा द्या, दुसरा द्या, मोकळं फिरू द्या. मग बघा कसं ओढतं."

हे मान हलवत होते. मग म्हणाले, "आमच्या गल्लीतल्या दूधवाल्याने मागचं दातेरी चाक मोठं बसवून घेतलंय. दोन्ही बाजूंना कॅन टांगून चढतो तो. तसंच लाव."

मेकॅनिकने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"लावतो. दात वाढले की ओढ वाढेल. पण मग तेवढ्याच वेगाला इंजिनाला जास्त फेरे घ्यावे लागतील. सरळ रस्त्यावर ओरडेल आणि पेट्रोल पिईल. दूधवाला सावकाश जातो, त्याला चालतं. तुम्ही लांब जाता."

"ओढेल ना? मग लाव."

चाक लागलं. गाडी ओढायला लागली हे खरं. कावेरीचा पूल ती अशी चढली की मला डबा छातीशी धरावा लागला. पण पूल संपून सपाट रस्ता लागला, यांनी वेग धरला, आणि इंजिन किंचाळायला लागलं. पायाखालच्या दांड्यातून एक बारीक थरथर अंगात चढत होती, ती दातांपर्यंत पोचली. शेतातल्या बाया माना वर करून बघत होत्या.

हे मागे वळून मोठ्याने म्हणाले, "बघ, आता कशी गप्प चालते!"

मला वाटलं, थट्टा करताहेत.

त्या दिवशी डबा उघडला तर एकही मुरुक्कू मोडलेला दिसेना. यांचा चेहरा फुलला. मी एक उचलला आणि त्याचे वेढे हातातच सुटे झाले. पिळाच्या धारा झिजल्या होत्या, केसाएवढ्या भेगा गेल्या होत्या, आणि डब्याच्या तळाला पिठी साठली होती. हिसक्याने मोडलेला मुरुक्कू वेगळा आणि थरथरीने मोडलेला वेगळा. पेट्रोलही पूर्वीपेक्षा फार लवकर संपायला लागलं. टाकी गळते की काय ते पाहायला हे अंगणात गाडीखाली वाकून बसले होते.

मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होते. 'गप्प चालते' हे शब्द माझ्या मनातून जात नव्हते.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. मी आतून विचारायची, "अहो, कॉफी टाकू का?" उत्तर नाही. मी कॉफी करून मुकाट्याने पुढ्यात ठेवायची, हे मुकाट्याने प्यायचे. वर्षभर मला वाटत होतं की हे माझ्यावर कशासाठी तरी रागावलेत. कशासाठी ते विचारायचा धीर होत नव्हता. मी मुळात कमी बोलणारी, यांचं बोलणं कमी झालं, तर घरात फरक कुणाच्या लक्षात यावा? कुकरच्या शिट्ट्या होऊन डाळ लागली तरी हे शेजारी पेपर वाचत बसलेले असायचे. मी म्हणायची, पुरुषांचं लक्ष नसतं.

त्या दुपारी हे पाठमोरे बसलेले असताना मी फरशीवर पळी टाकली. पितळेची, जड. शेजारची मांजर भिंतीवरून उडाली. यांची मान हलली नाही. समोरासमोर मात्र हे माणसाच्या ओठांकडे बघून भागवत असणार.

गाडीच्या वेगाचा काटा कधीचाच बंद आहे. तो चालू होता तेव्हाही हे त्याच्याकडे बघत नसत. गिअर कधी बदलायचा ते हे कानाने ठरवत. इंजिनाचा आवाज एका पट्टीवर आला की वरचा, तो घोगरा झाला की खालचा. भांडं ठोकणाऱ्या माणसाला ते शिकवावं लागलं नव्हतं. आता कानात काही येत नव्हतं, म्हणून हे अंदाजाने आणि काटकसरीने चालवत होते. गाडी हलली की टाक टॉपला. मोठं चाक लावल्यावर ती किंचाळत होती, तेही यांच्यापर्यंत पोचत नव्हतं.

मला कळलं. पण सांगणार कसं? यांचा कान हा घरातल्या एखाद्या दागिन्यासारखा होता. पाहुणे आले की हे लोट्यावर टिचकी मारून तो कुठल्या गावचा ते सांगत.

त्याच आठवड्यात मुलाचा बंगळूरहून फोन आला. यांना फोनवर नीट कळत नाही, म्हणून हे फोन स्पीकरवर ठेवतात. नेट नीट नाही, असं म्हणतात.

"अप्पा, लग्नाची ऑर्डर ऑटोने पाठवा," मुलगा म्हणाला.

"ऑटोला तीन चाकं. तिन्ही वेगवेगळ्या खड्ड्यांत जातात," यांनी उत्तर दिलं. मुलगा मोठ्याने बोलतो, म्हणून ऐकू आलं असावं.

"मग ती गाडी विका. बिनगिअरची स्कूटर घेऊन देतो."

"चाकं केवढाली तिची! पुरीएवढी. डबा काय, आई पण पडेल."

यांनी फोन ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "गाडी गेली तर मी घरात काय करूं? तुझे पिठाचे गोळे राखत बसूं?"

त्या एका वाक्याने मला सगळं दिसलं. ही ऑर्डर मोडली तर मामी जातील, मामींच्या ओळखीची घरं जातील. माझ्या हाताला दुसरं काम मिळेल, मी अप्पळम्, पापड लाटीन. यांना मात्र काही उरणार नव्हतं. आणि मलाही ती मागची जागा उरणार नव्हती. हे मी मनातसुद्धा कधी बोलले नव्हते.

मी फक्त एवढंच म्हणाले, खुणेसकट, "ते जुनं चाक परत लावून घ्या." पेट्रोलमुळे यांना ते पटलं.

जुनं चाक लागलं आणि जुने हिसकेही परत आले. एकदा डाळीचं पोतं घेऊन येत होतो. पुलाची चढण लागली, यांनी टॉपच ठेवला, आणि इंजिन असे ठोके खायला लागलं की मला वाटलं आता गाडी मागे घसरते. भीतीने माझा हात यांच्या खांद्यावर घट्ट दाबला गेला. यांनी लगेच तिसरा टाकला. इंजिनाचा आवाज मोकळा झाला आणि गाडी हलकेच वर गेली.

"भ्यालीस?" यांनी विचारलं.

मी मान हलवली. यांना ती दिसली नसणार.

पुढच्या वेळी मी न भिताच दाबलं. यांनी खालचा टाकला. सपाटीवर इंजिन किंचाळायला लागलं तेव्हा बोटांनी दोनदा थोपटलं. यांनी जरा थांबून वरचा टाकला. त्याबद्दल आम्ही एक शब्द बोललो नाही. पण दाबलं की खालचा, थोपटलं की वरचा, हे ठरून गेलं.

मला गाडी चालवता येत नाही. पण कढई कळते. आच फार मंद असली की मुरुक्कू तेलात पडून राहतो आणि तेल पितो. कमी आचेत तेल वाचेल असं नवख्या मुलींना वाटतं, पण तसं होत नाही. आच फार मोठी झाली की वरून लाल आणि आत कच्चा, आणि तेल धुरकटतं. मधली एक आच असते, तिथे कढई एका लयीत बोलते. इंजिनाचंही तसंच आहे असं मला वाटायला लागलं. सावकाश वेगात वरचा गिअर म्हणजे मंद आच, गाडी कण्हते आणि पेट्रोल पिते. भर वेगात खालचा म्हणजे जाळ. मधली लय पायाखालच्या दांड्यातून कळते. तिथे दांडा थरथरत नाही, नुसता जिवंत असतो.

बाजारात जाताना मी मुद्दाम एक रिकामा डबा घ्यायची, त्यात दोन-चार मुरुक्कू टाकायची. घरी येऊन उघडून पाहायची. मोडके कमी होत गेले, मग थांबले. पेट्रोलही पूर्वीसारखं पुरायला लागलं. मेकॅनिकने एकदा रस्त्यात पाहून हात वर केला, "अण्णा, आता कसं! समजलं ना मी काय म्हणत होतो?" यांनी ऐटीत मान हलवली.

लग्नाच्या आदल्या दोन दिवसांत मी नऊ वेढ्यांचे मुरुक्कू वळले. बोटं सुजली. दर दोन मुरुक्कूंमध्ये केळीच्या खोडाच्या सोपाचा वाळलेला तुकडा घालून डबा भरला, वर दोन जास्तीचे ठेवले. उजाडल्यावर आम्ही निघालो.

कावेरीचा पूल गेला. दाब, थोपट, थोपट. दोन्ही बाजूंना भाताची रोपं, रस्त्यावर ऊन अजून आलं नव्हतं. गाडी इतकी लयीत होती की मला डबा मांडीवर आहे हे जाणवत नव्हतं. तिरुविसनल्लूर जवळ आलं, तिथे रस्ता अरुंद होतो. पुढे गवताची बैलगाडी चालली होती. हे तिला ओलांडायला उजवीकडे निघाले.

मागून बसचा हॉर्न वाजला. लांबलचक, अगदी पाठीशी. हे तसेच उजवीकडे सरकत राहिले.

मी खांदा दाबला, सगळ्या जोराने. यांनी खालचा गिअर टाकला.

त्यांनी मी सांगितलं तेच केलं होतं. गाडी हळू झाली आणि बसच्या वाटेत तिथेच राहिली. मी डबा सोडून दोन्ही हातांनी यांचा सदरा डावीकडे ओढला. गाडी झोकांडली, बैलगाडीच्या मागे गवतात तोंड खुपसून उभी राहिली, आणि बस इतक्या जवळून गेली की तिच्या वाऱ्याने माझा पदर उडाला. डबा माझ्या मांडीवरून घसरला होता तो मी गुडघ्यांत धरला होता. कसा धरला ते मला माहीत नाही.

"काय झालं?" हे म्हणाले. बस पुढे गेलेली पाहिली आणि यांचा चेहरा पांढरा पडला.

मांडवात मामींनी स्वतः डबा उघडला. एकेक मुरुक्कू दोन्ही हातांनी काढून ताटात ठेवला. सगळे अखंड होते. मामी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "डोक्यावर घेऊन आलीस की काय ग?" आणि हसल्या. मला हसू आलं नाही. मला तो हॉर्नच ऐकू येत होता. माझ्या हाताला दोनच शब्द येत होते, वर आणि खाली. तेवढ्यावर मी यांना महिनाभर रस्त्यांवर फिरवत होते.

मांडवाबाहेर कॉफीचा ठेला होता. बाकावर लग्नाचे पाहुणे बसले होते. हे पितळी टंबलरमधली कॉफी वरून ओतून पीत उभे होते.

"अहो," मी म्हणाले.

यांनी वळून पाहिलं नाही.

"अहो, ऐका की."

हे मांडवाच्या कमानीकडे बघत होते. मी आयुष्यात रस्त्यावर कधी आवाज चढवला नाही. घराबाहेर आम्ही तमिळच बोलतो, तेही हळू. पण तमिळमध्ये हे ओरडणं मला जमलं नसतं. सगळ्या ठेल्याला कळलं असतं. मी आमच्या घरच्या भाषेत, जेवढा माझ्याकडे होता तेवढा आवाज काढून म्हणाले, "तुम्हाला ऐकू येत नाही!"

सगळे वळले. हेही वळले.

"काय म्हणतेस?"

"तुम्हाला ऐकू येत नाही! बस पाठीशी होती! हॉर्न देत होती!"

यांनी टंबलर खाली ठेवलं. "माहीत आहे मला," हे म्हणाले. मग आजूबाजूला पाहून, "ओरडतेस कशाला? माणसं ऐकताहेत."

"ऐकू देत. त्यांना आपलं बोलणं कळत नाही."

बाकावर टोकाला पांढरं उपरणं घेतलेले एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांनी शांतपणे आमच्याच मराठीत म्हटलं, "कळतें की, बाई. कानाच्या डॉक्टराकडे न्या यांस. मी फार दिवस लपवलें. शेवटी देवळात सगळे उठून गेले, नि मी एकटाच आरतीची टाळी वाजवीत उभा."

मला जमीन दुभंगावी असं झालं. हे त्यांच्या ओठांकडे बघत होते. मग माझ्याकडे वळून विचारलं, "काय म्हणाले ते?"

आणि मला ते सगळं पुन्हा ओरडून सांगावं लागलं, टाळीसकट. ठेलेवाल्याला एक अक्षर कळलं नसेल, तरी तो हसत होता. म्हातारे गृहस्थही हसले, आणि मग हेही.

गाडीजवळ आल्यावर यांनी हेल्मेट हातातच धरलं. "तुझा हात भीतीने दाबत नाही, तेही माहीत होतं," हे हळू म्हणाले. आपण किती हळू बोललो ते यांना कळलं नसावं.

"मग बोलला का नाहीत?"

यांना ते ऐकू आलं की माझ्या तोंडावरून कळलं, देव जाणे. "तूं बोललीस का?" हे म्हणाले.

घरापर्यंत मी मागून मोठ्याने बोलत आले. बस आली, डावीकडे घ्या. तिसरा टाका. सायकल आहे. आता टॉप. वाटेतल्या गावांतले लोक बघत होते, या बाईला काय झालं म्हणून. घरी पोचेपर्यंत माझा घसा बसला.

डॉक्टरांनी कानात नळी घालून पाहिलं, एका बंद खोलीत बसवून आवाज ऐकवले. पितळ ठोकणाऱ्या बऱ्याच माणसांचं असं होतं, असं ते म्हणाले. कानामागे लावायचं यंत्र दिलं, ते हेल्मेटमध्ये शिट्ट्या मारायला लागलं. ते बदलून कानाच्या आत बसणारं घेतलं. डॉक्टरांनी सांगितलं, सवय होईपर्यंत गाडी गल्लीबाहेर काढू नका. यांनी ते पाळलं. रोज संध्याकाळी गल्लीतून फेऱ्या मारायचे, मी दारात उभी राहायची.

पहिल्या दिवशी इंजिन चालू केलं आणि लगेच बंद केलं. "ही एवढी ओरडते?" यांनी विचारलं. मग माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "तूं रोज हें ऐकत होतीस?"

पुढचे काही दिवस मेकॅनिकला जड गेले. यांना प्रत्येक आवाज ऐकू यायला लागला आणि प्रत्येक आवाज बिघाडाचा वाटायला लागला. टॅपेट वाजतो, चेन घासते, मडगार्ड किरकिरतं. एक दिवस मेकॅनिक हात जोडून म्हणाला, "अण्णा, हा आवाज गाडीचा नाही. हा माझ्या डोक्यावरच्या पंख्याचा आहे."

मग आम्ही पुन्हा गल्लीबाहेर जायला लागलो, तर इंजिनाचा आवाज मोठा वाटतो म्हणून हे लवकर वरच्या गिअरमध्ये जायला लागले, गाडी गप्प ठेवायला. तेव्हा मला म्हणावं लागलं, "अहो, ओरडू द्या तिला जरा." ते यांनी पहिल्याच हाकेला ऐकलं. मागून मी बोलते आणि पुढून उत्तर येतं, याची मला अजून सवय झालेली नाही. उत्तर आलं की क्षणभर वाटतं, दुसरंच कुणीतरी बोललं.

परवा आम्ही सुंदरपेरुमाळ कोयिलला चाललो होतो. मामींच्या शेजारच्या घरी बारसं होतं. रेल्वेचं फाटक बंद होतं. यांनी इंजिन बंद केलं. मी पाय मोकळा करायला जरा सरकले, डबा मांडीवर तिरका झाला, आणि आत कुठेतरी बारीक टक् झालं.

यांनी मान वळवली. "एक गेला."

मी झाकण उघडलं. अगदी वरचा, पाच वेढ्यांचा, बाहेरच्या वेढ्याला तडकला होता. जास्तीचे घेतलेच होते, म्हणून मी तो बाहेर काढला. बाहेरचा वेढा यांना दिला, आतले मी घेतले. आगगाडी येईपर्यंत आम्ही तो खात उभे होतो. दोघांच्या चावण्याचा आवाज येत होता. हे मध्येच थांबले, ऐकल्यासारखं केलं आणि पुन्हा खायला लागले.

आगगाडी धडधडत गेली तेव्हा यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. फाटक उघडलं. यांनी पहिला टाकला, मग दुसरा, मग तिसरा. रस्ता मोकळा होता. इंजिन चढत चालल्याचं मला पायाखाली कळत होतं. आता चौथा टाकायला हवा, असं वाटलं. मी काही बोलले नाही.

थोड्याच वेळाने यांनी टाकला.